पांदणीवरचं श्रमदान

श्रमदान हा शब्द ऐकला की माझं डोकं अजून फिरतं. सगळी हयात संस्थेच्या कामात गेली, शिबिरं घेतली, घमेली उचलली, वेळप्रसंगी भाषणंही ठोकली, त्यामुळे माझ्या तोंडून असं काही निघालं की नवी मुलं बिचकतात. बिचकू देत. माझं पहिलं श्रमदान माझ्याच मायच्या मुळावर आलं होतं, आणि ते मी गोड करून सांगणार नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी वर्ध्याला मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात राहून बी.ए. करत होते. परीक्षेच्या तोंडावर कॉलेजच्या फलकावर एका संस्थेची सूचना लागली. उन्हाळ्यात खेड्यात शिबिर, स्वयंसेवक पाहिजेत, सकाळी प्रार्थना, दिवसा रस्त्याचं किंवा बंधाऱ्याचं काम, संध्याकाळी गाणी. आमच्या खोलीतल्या मुली खो-खो हसल्या. "घरी मातीच उपसतो, आता ती उपसायला शिबिरात जायचं काय?" हसू मलाही आलं. पण सूचनेच्या शेवटी एक ओळ होती. संस्थेला गावोगावच्या बालवाड्यांसाठी शिक्षिका हव्या होत्या आणि शिबिरात आलेल्या मुलींचा विचार आधी होणार होता. मी दुसऱ्याच दिवशी नाव दिलं. सेवेची तळमळ वगैरे काही नव्हती. मला नोकरी हवी होती, आणि ती मायसाठी हवी होती.

माय आर्वी तालुक्यात, रोहण्याच्या अलीकडे असलेल्या आमच्या गावात एकटी राहायची. बाप मी शाळेत असतानाच गेला. जमीन नव्हती. गावातलं सगळ्यात मोठं वावर सरपंचाचं, त्यामुळे आमच्या वस्तीतल्या बाया वर्षभर त्याच्याकडेच निंदायला, कापूस वेचायला, उन्हाळ्यात पिकाची उरलेली धसकटं गोळा करायला जायच्या. वावरात पाण्याचं मडकं झाडाखाली असायचं आणि आमच्या बायांना पाणी ओंजळीत, वरून मिळायचं. धर्म बदलून वीस वर्षं होऊन गेली होती, घराघरात बुद्धाची तसबीर लागली होती, पण त्या झाडाखालची ओंजळ काही सुटली नव्हती.

त्या वर्षी वेचणीला माय स्वतःचं मडकं घेऊन गेली आणि तिनं ते त्याच झाडाखाली, त्यांच्या मडक्याला लागून ठेवलं. सरपंच आला. तो ओरडला नाही. तो कधीच ओरडत नसे, सगळं कसं गोडीगुलाबीनं चालायचं. पायातल्या वहाणेनं त्यानं मायचं मडकं हळूच बाजूला सारलं आणि म्हणाला, "याले तिकडं ठेवजो, माय." मायनं मडकं उचललं, त्यातलं पाणी तिथंच ओतून दिलं, ओटीतला कापूस ढिगावर रिकामा केला. म्हणाली, "आता तुमच्या वावराचा धुरा मी चढत नाई जी. मेली तरी नाई."

आमच्याकडे वावराच्या बांधाला धुरा म्हणतात. तो न चढण्याची शपथ घेणं म्हणजे गावातल्या निम्म्याअधिक कामावर पाणी सोडणं. संक्रांतीला मी घरी गेले तेव्हा माय सरपण विकून दिवस काढत होती. गालाची हाडं वर आली होती, पण बोलणं मात्र पूर्वीपेक्षा चढ्या आवाजात. मागितलं तर सरकारला काम द्यावंच लागतं, हे तिनं कुठून तरी ऐकलं होतं. वस्तीतल्या बाया गोळा करून ती तालुक्याच्या कचेरीपुढे जाऊन बसत होती. हाकलल्या की उठायच्या आणि पुढच्या आठवड्यात परत जायच्या.

"काम भेटन वं," ती मला म्हणाली. "मंग पाहू कोन कोनाच्या वावरात जाते."

कोणतं काम आणि कधी, हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. मग माझी परीक्षा आली, मी गावी गेले नाही. मायला लिहिता येत नव्हतं, तेव्हा निरोपही नव्हता.

शिबिराआधी संस्थेत बैठक झाली. संस्था चालवणाऱ्यांना सगळे भाऊ म्हणत. उंच, सडपातळ माणूस, खादीचा सदरा, बोलणं पुण्याकडचं. मुलगी केवढीही असो, तिला ते ताईच म्हणायचे. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मी आजही वाईट शब्द काढणार नाही. खरं तर तो जरा कमी असता तर आम्ही सगळे थोडक्यात सुटलो असतो. त्यांनी शिबिराचं गाव सांगितलं आणि मी उडालेच. माझंच गाव! मी टाळ्या वाजवल्या. भाऊ स्वतः तिथं जाऊन आले होते, सरपंचांना भेटले होते, गावाला काय हवंय असं त्यांनी विचारलं होतं. सरपंच म्हणाले, पांदण. पांदण म्हणजे गावातून वावरांकडे जाणारी वाट. आमची पांदण पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची असायची, बैलसुद्धा तिथं पाय टाकायला कांकू करायचे. भाऊ कौतुकानं सांगत होते की गावानं केवढी तयारी करून ठेवली आहे, दोन्ही बाजूंनी चुन्याच्या रेघा आखल्या आहेत, मुरमाचे ढीग येऊन पडले आहेत, आपण फक्त जाऊन कामाला लागायचं.

आपल्या येण्याआधीच एखाद्या गावानं चुना मारून, मुरूम टाकून वाट पाहत बसावं, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. चांगलं काम करायला निघालेल्या माणसांना सगळं जग आपल्या स्वागताला उभं आहे असंच वाटत असतं.

आम्ही शुक्रवारी पोचलो. वस्तीतली बहुतेक माणसं लग्नाच्या वऱ्हाडात हिंगणीला गेली होती, मायही तिकडेच. मी शेजारच्या म्हातारीला विचारून आले, ती म्हणाली, आइतवारी येतीन. शिबिराचा नियम असा की मुक्काम शाळेतच, कुणाच्या घरी जायचं नाही, आणि गाव जे खातं तेच आपण खायचं. गावानं मात्र पहिल्या दिवशी पाहुण्यांना पुऱ्या वाढल्या. भाऊ अवघडून गेले, पण पुरी खाल्ली. सरपंचानं त्यांना हार घातला आणि आम्हा मुलींपुढेही हात जोडले. माझ्यापुढे आला तेव्हा ओळखीचं हसला. "तू इकडून होय काय? बरं झालं," म्हणाला. मला ते चांगुलपणाचं वाटलं.

शनिवार, रविवार आम्ही मरेस्तोवर राबलो. शहरातल्या मुलींच्या हातांना फोड आले, त्या एकमेकींना कौतुकानं दाखवायच्या. घमेली हातोहात पुढे सरकायची, श्रमाच्या थोरवीची गाणी चालायची. लहानपणापासून मी घमेलं उचलत आले होते, पण उचललं म्हणून कुणी शाबासकी दिल्याचं आठवत नव्हतं. इथे मिळत होती. मला मजा येत होती, हे खोटं कशाला बोलू.

सोमवारी सकाळी गावाच्या बाजूनं बाया येताना दिसल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात भाकरीचं फडकं. दोघी-तिघींच्या काखेत पोरं. सगळ्यांच्या पुढे माय. मला वाटलं, आम्हाला हात द्यायला आल्या. मी जोरजोरात हात हलवला. माय माझ्याकडे पाहत नव्हती, ती रस्त्याकडे पाहत होती.

"काऊन बापा," तिच्या मागची एक बाई म्हणाली, "आपलं काम कोन करून राह्यलं?"

भाऊ लगबगीनं पुढे गेले, हात जोडले. "या, या. गाव आपलं, काम आपलं. तुम्हीही हात लावा."

"मस्टर कोनापाशी हाये जी?" मायनं विचारलं. हजेरी मांडणारा मुकादम कुठे आहे, असं तिला म्हणायचं होतं.

"इथे मस्टर नसतं," भाऊ समजावणीच्या सुरात म्हणाले. "हे श्रमदान आहे. इथे कुणी मजुरी घेत नाही."

"तं मंग आमी जलमभर तेच करून राह्यलो," एक म्हातारी म्हणाली, आणि बाया हसल्या. माय हसली नाही. तिनं डोक्यावरचं घमेलं उतरवलं, पांदणीच्या कडेनं आंब्याच्या झाडापर्यंत चालत गेली, आम्ही कुठवर पोचलो ते पाहिलं आणि परत आली. निम्म्याहून जास्त रस्ता झाला होता.

"आजपासून होतं आमचं काम," ती मला म्हणाली. "पानी येईस्तोवर पुरलं असतं. तू बी हायेस काय यात?"

 चुन्याच्या रेघा, मुरमाचे ढीग, सगळं एकदम लख्ख कळलं. ते मायनं कचेरीपुढे बसून बसून मिळवलेलं होतं. मी घमेलं टाकलं आणि सगळ्यांसमोर भाऊंवर तुटून पडले. हे काम यांना मंजूर झालेलं आहे, यांनी त्यासाठी उन्हातान्हात खेटे घातलेत, तुम्ही यांच्या तोंडचा घास काढून घेतलात, असं जे तोंडाला येईल ते बोलले. मडक्याचंही सांगितलं. एरवी मी ते कुणाला सांगितलं नसतं.

भाऊंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी सरपंचाला बोलावणं पाठवलं. सरपंच शांतपणे आला, शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब," तो म्हणाला, "तुम्ही गावाचं भलं केलं, सरकारचा पैसा वाचवला. बायाइले कामाची का कमी हाये? माह्या वावरात धसकटं वेचाची पडलीच हायेत." हे बोलताना त्यानं मायकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायची गरजच नव्हती.

त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत. दुपारी सगळ्या शिबिराची सभा बसली. कोणताही निर्णय घेण्याआधी थोडा वेळ मौन बसायचं, ही त्या संस्थेची रीत. आम्ही डोळे मिटून बसलो. बाहेर वस्तीतल्या बाया शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसल्या होत्या, त्यांची पोरं रडत होती, ते ऐकू येत होतं. मौन संपल्यावर भाऊ म्हणाले की शिवण चुकली तर आपण ती उसवतो. आपल्या हातांनी चूक झाली, आता त्याच हातांनी ती मागे घ्यायची. पसरलेला मुरूम उचलून पुन्हा ढिगावर टाकायचा. पांदण होती तशी करून द्यायची, म्हणजे या बायांचं काम त्यांना परत मिळेल. सगळ्यांना पटतंय का?

सगळ्यांना पटलं. कुणाला तरी ते फार थोर वाटलं असावं, कारण एक मुलगी रडत होती.  मला तेव्हा त्यात आशा दिसत होती. माझ्या मायचं काम परत मिळणार असेल तर मी तो मुरूम दातांनी उचलला असता.

मंगळवारी उजाडताच उलटं काम सुरू झालं. दाबून बसवलेला मुरूम खणून काढणं तो टाकण्यापेक्षा जड जातं. गाणं नव्हतं. फुटलेल्या फोडांवर चिंध्या बांधून मुलं-मुली घमेली मागे मागे सरकवत होती. सारं गाव धुऱ्या-धुऱ्यावर उभं राहून तमाशा पाहत होतं. "येडे झाले काय बे हे?" असं कुणी तरी उघडच म्हणालं.

माय आली. भाऊ स्वतः फावडं चालवत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काऊन मोडून राह्यले जी?"

"चूक आमची झाली, माय. ती आम्हीच निस्तरायची."

"चूक तुमची, आन मोडता रस्ता? रस्त्यानं का केलं तुमचं?"

 मागच्या बाया तिचा पदर ओढायला लागल्या. अवं मोडू दे नं, तुह्या बापाचं का जाते, मोडला तं आपल्याले करता येईन. त्यांचं बरोबरच होतं. मायलाही ते कळत होतं. पण आयुष्यभर लोकांची कामं हातावेगळी केलेल्या त्या बाईला कुणाचंही केलेलं काम मोडताना बघवत नव्हतं. "मले काम पाह्यजे," ती म्हणाली, "तुमचा पस्तावा नाई पाह्यजे." आणि कडेला जाऊन पाठ फिरवून बसली. तिथून हललीही नाही, कारण मनातल्या मनात तीसुद्धा वाट पाहत होती.

दुपारी त्या मंजूर कामाचा सरकारी ओव्हरसियर आला. सोबत सरपंच. पांदण थोडी झालेली, थोडी उखडलेली. भाऊंनी त्याला सगळं शुद्ध मराठीत, काही न लपवता सांगितलं. ओव्हरसियर वाईट माणूस नव्हता. तो डोक्यावरची टोपी काढून घाम पुसत राहिला.

"लोकांनी श्रमदानातून काम पूर्ण केलं, असं सरपंचांनी शनिवारीच तालुक्याला कळवलंय," तो म्हणाला. "झालेलं काम मी परत कसं काढू? आणि हे उखडलंय, ते कुणी उखडलं म्हणून सांगू? बाया अडचणीत येतील साहेब."

सरपंच पांदणीकडे पाहत उभा होता. आम्ही पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो तालुक्याला जाऊन आला होता. दुसरं काम मिळेल का, असं मायनं विचारलं. ओव्हरसियर म्हणाला, पुन्हा मागणी करा, पण आता पावसाळ्याआधी होणं कठीण दिसतं. भाऊंनी मात्र त्या बायांसाठी वर्ध्याला साहेब लोकांकडे हेलपाटे घातले, हे मला ठाऊक आहे. काम मिळालंही, दिवाळीनंतर.

उरलेला मुरूम सरपंचानं आपल्या सालदारांकडून दोन दिवसांत पसरवून घेतला. पांदण छान झाली. ती त्याच्याच वावराकडे जात होती.

समारोपाच्या दिवशी मी नियम मोडून घरी गेले. माय फडक्यात भाकर बांधत होती. "उद्यापासून धसकटं वेचाले जातो," ती म्हणाली, जणू काही कालपरवापर्यंत जातच होती. मी रडले, भांडले. मी कॉलेज सोडते, मी कुठेही राबते, पण तू तिथं जाऊ नकोस. आणि त्या लोकांची नोकरी तर मला मुळीच नको.

नोकरी नको म्हटल्यावर ती भडकली. इतकी चिडलेली मी तिला मडक्याच्या वेळी तरी पाहिली असती का, कोण जाणे.

"नको कशी? माह्यं काम गेलं, आता तुह्यं बी घालवतं काय? त्या भाऊले म्हन, कुठं बी पाठव, जातो. समजलं?"

समजलं. सकाळी ती माझ्याआधी निघाली. मडकं चुलीजवळच ठेवून गेली.

मला बालवाडी मिळाली. पुढे संस्थेतच कायम झाले. भाऊ त्यानंतर प्रत्येक गावात गेल्या गेल्या आधी वस्तीत जायचे आणि विचारायचे, हे काम आम्ही केलं नाही तर कोण करणार आहे? नव्या मुलांना मी तेच शिकवते. चांगली गोष्ट आहे. मायला तिचा काही उपयोग झाला नाही.

माझं बस्तान बसेपर्यंत ती त्या वावरात जात राहिली. मग मी तिला माझ्याकडे घेऊन आले. एका दुपारी आम्ही दोघी तुरी निवडत बसलो होतो. मी सहज नव्या शिबिराबद्दल बोलत होते आणि बोलता बोलता विचारून गेले. इतकी वर्षं ते विचारायची हिंमत झाली नव्हती. त्या दिवशी तू गेलीस तेव्हा सरपंच काय म्हणाला?

माय तुरीतले खडे वेचत राहिली. "धुऱ्यावरच उभा होता," ती म्हणाली. "म्हने, ये माय, ये. पांदण मस्त झाली. तुह्याच पोरीनं केली म्हनते."

मी सूप हातातून खाली ठेवलं.

"मग तू काय म्हटलं?"

"का म्हनू? म्हटलं, हो जी, माह्याच पोरीनं केली. हाताले फोड आले तिच्या." मायनं एक खडा बाजूला टाकला. "आन चढली धुरा."